साध्या प्रोटीन स्किमरमध्ये बदल करायचे आहेत, अनुभव सांगा

खारटपाणी
नमस्कार मंडळी. माझी खाऱ्या पाण्याची टाकी आता आठ महिन्यांची झाली. टाकी आणि संप (मुख्य टाकीखालची, उपकरणं ठेवायची कप्प्यांची टाकी) मिळून साधारण २०० लिटर पाणी. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा आणि थोडे मऊ प्रवाळ आहेत. पुढे कडक सांगाड्याचे प्रवाळ घ्यायचे मनात आहे, पण त्याआधी पाणी नीट ताब्यात यायला हवं.

स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र, अगदी खालच्या श्रेणीतला आहे. संपमध्ये ठेवायचा, १२ सेमी व्यासाचा उभा नळकांडा, त्याला लागून १४ वॉटचा पंप, पंपाच्या इम्पेलरला (आत फिरणाऱ्या चाकाला) काटे. खोक्यावर '४०० लिटरपर्यंत' असं छापलंय. प्रत्यक्षात एक दिवस कप कोरडा, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळसर पाण्याने काठोकाठ भरलेला. बुडबुडे मोठे दिसतात, नळकांड्यात पाणी नुसतं उकळल्यासारखं होतं. बारीक बुडबुडे मुख्य टाकीतही येतात. हवेच्या नळीचा सूं सूं आवाज रात्री जाणवतो तो वेगळाच.

नवीन मोठा स्किमर आत्ता घ्यायचा नाही. हाच सुधारायचा आहे. माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत: इम्पेलरचे काटे कापून त्याजागी जाळी बसवणं, हवेची नळी जाड करणं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला व्हॉल्व्ह लावणं. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. जाळी उद्याच कापायला घेणार होतो, पण म्हटलं आधी विचारावं.

जुनाखलाशी
बरं झालं विचारलंत. कात्री बाजूला ठेवा आणि आधी एवढं सांगा. स्किमर संपच्या कुठल्या कप्प्यात आहे? त्या कप्प्यात पाण्याची खोली किती? ती दिवसभरात बदलते का? कपाखालची मान शेवटची कधी पुसलीत? आणि हवेची नळी जिथे पंपाला जोडते ते भोक कधी उघडून बघितलंय का?

'एक दिवस कोरडा, एक दिवस भरलेला' ही तक्रार इम्पेलरची नसते. इम्पेलर वाईट असेल तर तो रोजच वाईट असतो.

निळाई
+१. माझाही असाच चढउतार व्हायचा. स्किमर परतीच्या पंपाच्या (पाणी मुख्य टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात ठेवला होता. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं ते सगळं त्याच कप्प्यात दिसतं, बाकीच्या कप्प्यांची पातळी आडभिंतींमुळे कायम राहते. दोन दिवसांनी गोडं पाणी भरलं की स्किमर अचानक बुडायचा आणि कपात नुसतं पाणी यायचं.

खारटपाणी
दादा, ताई, तुम्ही दोघांनीही नेमकं बोट ठेवलंत. स्किमर परतीच्या पंपाच्याच कप्प्यात आहे. आत्ता मोजलं: पाणी भरल्यावर २४ सेमी, दोन दिवसांनी १९ सेमी. मान मी फक्त कप रिकामा करताना पाण्याखाली धरतो, पुसत नाही. हवेचं भोक आजवर एकदाही उघडलेलं नाही.

जुनाखलाशी
मग निम्मं उत्तर इथेच मिळालं.

संपमधल्या स्किमरच्या आत पाणी किती उंचीवर उभं राहील, हे बाहेरची पातळी आणि बाहेर जाणाऱ्या नळीतला अडथळा यांवर ठरतं. बाहेर पातळी वाढली की आतलीही वाढते. फेस आणि पाणी यांची सीमा मानेच्या बुडाशी असली पाहिजे. ती वर सरकली की फेसाला निथळायला उंचीच उरत नाही, ओला फेस तसाच कपात पडतो. खाली गेली तर फेस मानेतच सुकून थबकतो. म्हणजे तुमचा स्किमर दर दोन दिवसांनी स्वतःची जुळणी बदलत होता. त्यावर जाळी लावली असती तर जास्त जोरात चुकला असता, इतकंच.

आता करायचं असं. पातळी स्थिर असलेल्या कप्प्यात, म्हणजे टाकीतून पाणी येतं त्या पहिल्या किंवा दुसऱ्या कप्प्यात तो हलवा. तिथे खोली जास्त असेल तर खाली स्टूल द्या. छताच्या दिव्यांखाली लावतात ती प्लॅस्टिकची चौकटीदार जाळी कापून दोन-तीन थर झिप टायने बांधले की छान स्टूल होतं, खालून पाणीही फिरतं. पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि वर ॲक्रिलिकची पट्टी असंही चालतं. माहितीपत्रकात खोली दिली असेल ती घ्या, नसेल तर अशा आकाराच्या स्किमरसाठी १८-२० सेमीपासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच सेमी बदला. बदल केल्यावर निदान एक दिवस हात लावू नका. हे शेवटचं वाक्य पाळणं सगळ्यात अवघड जातं, असा माझा अनुभव आहे.

बाष्पीभवनाचं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा लावता आली तर उत्तमच, पण कप्पा बदलला की स्किमरपुरता तरी प्रश्न सुटतो.

रसायनवेध
वाचनीय धागा. 'बुडबुडे बारीक हवेत' असं सगळे म्हणतात, त्यामागचं कारण थोडं उलगडून सांगते, म्हणजे कुठला बदल कशासाठी करायचा ते कळेल.

माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, शेवाळातून आणि प्रवाळातून झिरपणारे पदार्थ यांत असे बरेच रेणू असतात ज्यांचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं पाण्यापासून दूर पळतं. हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे हे रेणू जाऊन चिकटतात, पाणी टाळणारं टोक हवेत खुपसून. बुडबुडा वर जाताना हा सगळा भार सोबत नेतो. वादळी समुद्राच्या किनाऱ्यावर जो पिवळट, चिकट फेस साठतो तो याच कारणाने. स्किमर म्हणजे तेच काम एका नळकांड्यात.

म्हणजे महत्त्व बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला आहे. एक लिटर हवा १ मिमी व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. तीच हवा ०.५ मिमीच्या बुडबुड्यांत वाटली तर १२ चौरस मीटर. हवा तेवढीच, पृष्ठभाग दुप्पट. शिवाय लहान बुडबुडा सावकाश वर जातो, त्यामुळे रेणूंना चिकटायला वेळही जास्त मिळतो. मात्र आत खळबळ असेल तर बुडबुडे एकमेकांवर आदळून मोठे होतात, आणि वरचा फेस फुटून गोळा झालेला माल परत पाण्यात पडतो. तुम्ही 'उकळल्यासारखं' म्हणालात, त्यात हा तोटा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण स्किमरकडून अपेक्षा फार वाढवून ठेवल्या जातात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ आणि २०१० साली निरनिराळ्या रचनेच्या स्किमरची मोजणी करून प्रसिद्ध केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच स्किमर काढू शकतो, असं त्यात दिसलं. उरलेले रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत, मग स्किमर कितीही भारी असो. आणि काट्यांचं चाक, व्हेंच्युरी (अरुंद नळीतल्या वेगवान पाण्याने हवा ओढणारी), हवेचा दगड (बारीक छिद्रांच्या दगडातून बुडबुडे सोडणारी) या रचनांमध्ये फार मोठी तफावतही आढळली नाही. म्हणून माझं मत: साधा स्किमर नीट चालवला तर तो महागड्याच्या बराच जवळ जातो. बदल करायचे ते त्याला सातत्य यावं म्हणून. त्यातून चमत्काराची अपेक्षा नको.

नाइट्रेट आणि फॉस्फेट थेट फेसातून निघत नाहीत, हेही इथेच लिहून ठेवते. ते ज्या सेंद्रिय पदार्थांपासून तयार होतात तो कच्चा माल स्किमर आधीच उचलतो, एवढाच त्याचा हातभार.

नवखामासा
खूप छान समजावलंत ताई. माझी गोड्या पाण्याची टाकी आहे. त्यात असा स्किमर चालेल का?

रसायनवेध
नाही चालणार. समुद्राच्या पाण्यातले क्षार बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत, म्हणून ते बारीक राहतात. गोड्या पाण्यात तेच बुडबुडे लगेच एकत्र येऊन मोठे होतात आणि टिकाऊ फेस बनत नाही. तुमच्या टाकीला चांगला फिल्टर आणि नियमित पाणी बदलणं हेच योग्य.

खारटपाणी
आठवड्याने लिहितोय. सांगितल्याप्रमाणे स्किमर मधल्या कप्प्यात हलवला, खाली चौकटीदार जाळीचे तीन थर दिले, पाण्याची खोली आता १९ सेमी आणि कायम. पहिले दोन दिवस कप रिकामा होता, तिसऱ्या दिवसापासून रोज बोटभर गडद तपकिरी द्रव येतोय. वासही आता खरा येतो! एकही दिवस कप पाण्याने भरलेला नाही.

हवेचं भोक उघडलं तर आत मिठाचे आणि चुन्याचे पांढरे खडे, निम्मं भोक बुजलेलं. कोमट गोड्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढले. पंपाचा इम्पेलर आणि त्याची खोबण व्हिनेगर-पाण्यात तासभर ठेवली, मग स्वच्छ धुतली.

किती फरक पडला ते आकड्यात बघायचं होतं. हवा मोजायचं यंत्र नाही, म्हणून असं केलं: एक लिटरच्या बाटलीचा तळ कापला, झाकणाला भोक पाडून त्यात हवेची नळी घट्ट बसवली आणि बाटली उघड्या तळाकडून पाण्याने भरलेल्या बादलीत उभी धरली. स्किमर हवा ओढतो तसं बाटलीत पाणी चढतं. बाटली खाली खाली ढकलत राहिलो, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत राहतं आणि ओढण्यावर जादा ताण येत नाही. बाटलीवरच्या खुणांमधली एक लिटर हवा ओढायला किती सेकंद लागले ते मोजलं.

साफ करण्याआधी २४ सेकंद, म्हणजे तासाला १५० लिटर. साफ केल्यावर १५ सेकंद, तासाला २४० लिटर. एक पैसाही न खर्चता.

यंत्रवेडा
मोजण्याची पद्धत आवडली. मी गेली काही वर्षं पंपांशी खेळतोय, कुणी असं मोजून लिहिलं की वाचायला बरं वाटतं.

अजून एक सोपी गोष्ट: नळीच्या तोंडाशी येणारा सूं सूं आवाज. लहानशा प्लॅस्टिकच्या डबीला बाजूने दोन-तीन भोकं पाडा, झाकणातून नळी आत घाला, आत थोडा भरड स्पंज ठेवा. आवाज खूप कमी होतो. स्पंज दाट नको, हवा अडेल. आणि ही डबी पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन जमिनीवर सांडतं.

नळी जाड करायचा उपयोग तेव्हाच, जेव्हा पंपाकडचं नोझल जाड आहे. नोझल ४ मिमीचं असेल तर ६ मिमीची नळी लावून फारसं काही मिळत नाही. लांबलचक नळी मात्र नक्की आखूड करा.

निळाई
खारटपाणी, बाहेर जाणाऱ्या पाण्याला सध्या काय आहे?

खारटपाणी
एक फिरवायची नळी आहे, तिला तिरकं भोक. फिरवलं की भोक कमी-जास्त उघडतं. केसभर फिरवली तरी फेस दोन बोटं वरखाली होतो.

निळाई
मग तिथे गेट व्हॉल्व्ह लावाच. माझ्या स्किमरमध्ये मी केलेल्या सगळ्या बदलांत सगळ्यात उपयोगी हाच. बॉल व्हॉल्व्ह घेऊ नका, तो पाव फेऱ्यात पूर्ण उघडतो नि बंद होतो, त्यात बारीक जुळणी जमत नाही. गेट व्हॉल्व्हला आठ-दहा फेरे असतात, अर्धा फेरा फिरवला की फेस जेमतेम नखभर सरकतो.

पूर्ण प्लॅस्टिकचाच घ्या. बऱ्याच गेट व्हॉल्व्हच्या आत पितळेचा दांडा असतो आणि पितळेत तांबं असतं. प्रवाळ, कोळंबी, शंख यांना तांबं अगदी थोडं असलं तरी घातक ठरतं. चुंबक लावून तपासू नका, पितळ चुंबकाला चिकटत नाही. उघडून डोळ्यांनीच बघा.

जोडताना माझी एक चूक झाली होती. नळकांडं ॲक्रिलिकचं, व्हॉल्व्ह पीव्हीसीचा, आणि मी सिलिकॉनने चिकटवायला गेले. सिलिकॉन काचेला पक्कं धरतं, ॲक्रिलिकला नाही. महिन्याभरात सुटलं. नंतर पीव्हीसीच्या तुकड्याला टेफ्लॉन टेप गुंडाळून नुसता घट्ट दाबून बसवला. तिथे दाब असतोच किती, फार तर वीतभर पाण्याचा. थेंबभर गळलं तरी ते संपमध्येच पडतं. शिवाय साफ करताना काढता येतो.

व्हॉल्व्ह आवळला की आतली पातळी चढते आणि फेस ओला होतो, सैल केला की उतरते आणि कोरडा होतो. सुरुवातीला पूर्ण उघडा ठेवून हळूहळू आवळत जा.

प्रवाळसखी
मी मूक वाचक, पण 'उकळणं' या विषयावर लिहावंसं वाटलं. माझ्याकडेही तसंच व्हायचं, कारण पंपाचा झोत सरळ नळकांड्याच्या मध्यात वर मारायचा. ३ मिमी जाड ॲक्रिलिकची गोल चकती कापली, त्यात ५ मिमीची भोकं जवळजवळ पाडली आणि झोताच्या वर बसवली. झोत चकतीवर आपटून पसरतो आणि बुडबुडे सगळ्या भोकांतून सारखे वर येतात. नळकांड्यात आता दुधाळ, शांत स्तंभ दिसतो. भोकांची धार पॉलिश पेपरने मोडा, नाहीतर तिथे केसाळ शेवाळ आणि कचरा अडकतो. चकती चिकटवलेली नाही, तीन लहान पायांवर उभी आहे.

खारटपाणी
दोन्ही केलं. गेट व्हॉल्व्ह आणि चकती. प्रवाळसखी, तुम्ही लिहिलंत म्हणून खरंच आभार, चकतीने डोळ्यांना सगळ्यात मोठा फरक दिसला. मुख्य टाकीत येणारे बारीक बुडबुडेही जवळजवळ बंद झाले. बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी भरड स्पंजचा तुकडा ठेवला, तो दर तीन दिवसांनी पिळतो.

आता पुन्हा जाळीचा विषय काढू का?

जुनाखलाशी
माझं मत विचाराल तर थांबा. २०० लिटर पाणी, तीन लहान मासे, कपात रोज गडद माल. अजून काय हवं? काटे एकदा कापले की परत उगवत नाहीत, आणि या स्वस्त पंपांचे सुटे इम्पेलर कधी मिळतात, कधी नाही.

यंत्रवेडा
मी दादांशी निम्मा सहमत. आधी सुटा इम्पेलर मिळवा, मूळचा तसाच ठेवा, आणि मग सुट्यावर प्रयोग करा. शिकण्यासारखं त्यात बरंच आहे.

पद्धत लिहितो. जाळी लागते ती गादीसारखी, गुंतागुंतीच्या नायलॉन किंवा पॉलिथिलीन तारांची. विणलेली सपाट मच्छरदाणीची जाळी नको, ती पाणी ढकलत नाही आणि हवाही फोडत नाही. धातूची तर अजिबातच नाही. इम्पेलरच्या चकतीएवढा गोल कापा, व्यास पंपाच्या खोबणीपेक्षा सगळीकडून निदान १ मिमी कमी. काटे पूर्ण कापायची गरज नसते. बरेचजण काटे अर्धे ठेवून त्यांवर जाळी रोवतात, काट्यांमुळे ती घसरत नाही. मग मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने चकतीच्या भोकांतून चार ठिकाणी शिवा. गोंद वापरू नका.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, तोल. इम्पेलर दांड्यावर ठेवून बोटाने फिरवा. तो नेहमी एकाच बाजूला थांबत असेल तर ती बाजू जड आहे, तिथली जाळी थोडी कातरा. हे पंप ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३००० फेरे फिरतात, एवढ्या वेगात थोडंसं असंतुलनसुद्धा सिरॅमिकचा दांडा तोडतं. दुसरी, चुंबक आणि चाक यांच्यात जी अर्ध्या फेऱ्याची मोकळीक असते ती कधीही बंद करू नका. आधी चुंबक एकटा फिरायला लागतो आणि मग चाकाला ओढतो, सुरू होण्यासाठी त्याला तेवढी उसंत लागतेच. दोरा किंवा जाळी त्या मोकळ्या जागेत शिरली तर पंप फिरणार नाही, नुसता घरघरेल.

बसवल्यावर पंप २० वेळा बंद-चालू करून बघा. वीसच्या वीस वेळा सुरू झाला तरच टाकीला जोडा. वीज जाऊन आली आणि पंप अडकून बसला तर तुम्हाला कळणारही नाही, तो आतल्या आत तापत राहील.

खारटपाणी
सुटा इम्पेलर मिळाला. तीन आठवड्यांचा हिशेब देतो.

पहिला प्रयत्न फसला. जाळीचे तीन थर लावले होते. २० पैकी ७ वेळा पंप सुरूच झाला नाही, आणि झाला तेव्हा १६ वॉट घेत होता, हाताला गरम लागत होता. मूळ इम्पेलरने साफ पंप ११ वॉट घेतो, प्लगला लावायच्या मीटरवर बघितलं. दोन थर काढले, व्यासही थोडा कमी केला. आता २० पैकी २० वेळा सुरू, १२ वॉट, हवा एक लिटरला ११ सेकंद. म्हणजे तासाला सुमारे ३२७ लिटर, आधी २४० होती.

बुडबुडे खरंच बारीक झाले, पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. पण पहिल्या रात्री फेस कपावरून ओसंडून संपमध्ये परत पडला. हवा वाढली की आतली पातळीही वर येते, हे मी धरलं नव्हतं. स्टूलचा एक थर वाढवून खोली १७ सेमीवर आणली, व्हॉल्व्ह दीड फेरा सैल केला. आता ठीक चाललंय.

आणि कपात? कप आठवड्यातून दोनदा रिकामा करत होतो, अजूनही दोनदाच करतो. द्रव थोडा जास्त गडद आहे, पण मोजपात्रात ओतून बघितलं तर आधीपेक्षा विशेष जास्त नाही. रसायनवेध ताईंनी लिहिलेलं आठवलं. टाकीत जेवढा माल आहे तेवढाच निघणार. खरा फरक पातळी, सफाई आणि चकती यांनी पडला होता. जाळीने त्यावर थोडी भर घातली.

रसायनवेध
मोजपात्रात ओतून बघितलंत हे फार आवडलं. मासे वाढतील, खाद्य वाढेल, तेव्हा या जादा हवेचा उपयोग होईल. आणि एक फायदा कपात दिसत नाही: तासाला ३००हून जास्त लिटर हवा पाण्यात मिसळते तेव्हा प्राणवायूची देवाणघेवाण चांगली होते. रात्री प्रकाश नसताना पाण्यातला प्राणवायू आणि पीएच दोन्ही उतरतात, तेव्हा हे कामी येतं.

नवखामासा
आणि हवा खोलीऐवजी खिडकीबाहेरून घेतली तर?

रसायनवेध
बंद खोलीत माणसांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि स्किमर तीच हवा पाण्यात घालतो, त्यामुळे पीएच खाली राहतो. नळी बाहेर नेली तर बऱ्याच टाक्यांचा पीएच थोडा वाढतो. नळी लांबली की हवा कमी होते, म्हणून जाड नळी घ्या. बाहेर कीटकनाशकाची फवारणी किंवा रंगकाम होत असेल तेव्हा ती आत घ्यायची आठवण ठेवा. ओझोन मात्र असल्या स्वस्त स्किमरला जोडू नका, साधे रबर आणि काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होतात.

प्रवाळसखी
कप ओसंडण्यावरून एक सावधगिरीची गोष्ट. मी प्रवाळाचे तुकडे दगडावर बसवायला दोन भागांची इपॉक्सी पुट्टी वापरली आणि स्किमर चालूच ठेवला. तासाभरात कप भरून कपाच्या नळीतून बाहेरची बाटली भरली, तीही ओसंडली. मी घरी नव्हते. आले तेव्हा जमिनीवर सुमारे १५ लिटर पाणी, आणि आपोआप भरणाऱ्या यंत्रणेने त्याजागी तेवढंच गोडं पाणी टाकीत घातलेलं. क्षारता एका दुपारीत घसरली. दोन प्रवाळ मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. अजूनही वाईट वाटतं.

तेव्हापासून कपाच्या नळीखाली झाकणाची बाटली ठेवते. झाकणात हवा जायला वेगळं भोक आणि आत एक लहान तरंगता स्विच. बाटली भरली की स्किमरचा पंप बंद. पुट्टी, माशांची औषधं, क्लोरीन काढणारी द्रावणं, यांतलं काहीही पाण्यात घालायचं असेल तर आधी स्किमर बंद करा. औषधांच्या वेळी हवेसाठी वेगळा दगड लावायला विसरू नका.

जुनाखलाशी
प्रवाळसखी, हे लिहिल्याबद्दल धन्यवाद. नुकसान सांगायला धीर लागतो.

खारटपाणी, पंपाच्या वायरला खाली झोळ ठेवलाय ना? वायर प्लगच्या खालच्या पातळीपर्यंत लोंबून मग वर प्लगकडे जायला हवी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब खालीच पडतो. आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच त्या सर्किटवर हवाच. खारं पाणी वीज फार सहज वाहून नेतं.

खारटपाणी
झोळ आहे, स्विचही आहे. तरंगता स्विच या आठवड्यात लावतो.

निळाई
खारटपाणी, आता सफाईचं वेळापत्रक काय ठेवलंय? माझी मान दोन दिवसांत तेलकट होते आणि फेस बसतो.

खारटपाणी
मान दर तीन दिवसांनी, कापडाने आतून गोल फिरवून पुसतो. साबण कधीच नाही. हवेच्या नळीतून आठवड्यातून एकदा कपभर कोमट गोडं पाणी ओढू देतो, त्याने भोकाजवळचं मीठ विरघळतं. पंप दीड-दोन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये. जाळी असल्यापासून पंप उघडला की आधी तिचे टाके बघतो, एक टाका सैल वाटला तेव्हा लगेच नवा घातला. सफाई झाल्यावर तीन-चार तास फेस बसलेला असतो, तेव्हा व्हॉल्व्हला हात लावत नाही. टाकीत हात घातला किंवा खाद्य टाकलं तरीही तसंच, तेलामुळे फेस खाली जातो आणि आपसूक वर येतो.

मूळचा काट्यांचा इम्पेलर धुऊन, पुसून संपच्या कपाटात डबीत ठेवलाय, डबीवर '११ वॉट, १५ सेकंद' असं लिहून.